इंजिनाच्या नावानं मागितलेलं पाणी

आमच्या घरातल्या पोरांना सुट्टीत शेतावर जाऊन तीन दगडांची चूल मांडायची भारी हौस. वांगी भाजतात, फोटो काढतात आणि मला म्हणतात, "आजोबा, तुमची तर रोजच मजा असेल. ट्रक थांबवायचा, झाडाखाली स्वयंपाक करायचा, जेवून पुढं निघायचं." एकदा-दोनदा मी खरं काय ते सांगायला बसलो, पण तेवढ्यात वांगं करपलं म्हणून सगळे उठून गेले. तेव्हा आता लिहूनच ठेवतो. मजा-बिजा काही नव्हती. हॉटेलात बाकावर बसून गपचूप जेवता आलं असतं, तर कोण शहाणा चैताच्या उन्हात बाभळीखाली डोळ्यांत धूर घेत भाकरी भाजत बसला असता?

मी शिरूरचा. मिशनच्या आवाराला लागून आमची वस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. मिशनच्या साहेबाची मोटार धुता धुता मी ती चालवायला शिकलो, आणि पन्नास सालानंतर केव्हातरी दौंडच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो. दौंडच्या मालधक्क्यावरून सिमेंट, खत, रॉकेल उचलायचं आणि शिरूरकडच्या गावांना टाकायचं. परतताना कांदा नाहीतर गूळ भरून पुन्हा दौंडला वॅगनपाशी. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण रस्ता असा की बैलगाडी बरी, आणि वॅगन मिळेपर्यंत धक्क्यावर दोन-दोन दिवस ताटकळायचं. आठवड्यातले चार-पाच दिवस घर म्हणजे ती गाडीच.

गाडीवर क्लीनर, ड्रायव्हर लोकांच्या बोलीत किन्नर, म्हणून माझे सख्खे मामा होते. लहानपणी त्यांच्या एका डोळ्यात काटा गेला होता, त्यामुळं त्यांना लायसन मिळत नव्हतं. भाचा ड्रायव्हर आणि मामा किन्नर, ही आमच्या वस्तीत मोठी थट्टेची गोष्ट. मामांना तिचं काही वाटत नसे. चारचौघांत ते मला मुद्दाम "डायव्हरसायेब" म्हणायचे आणि एकटे असलो की कान उपटायचे. स्वयंपाक त्यांच्याकडं. त्यात मला ते हात लावू देत नसत, फक्त भांडी माझ्याकडं.

आता हॉटेलांचं सांगतो. वाटेवर चहा-भजीची दोन-चार दुकानं होती. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला होता, एका दुकानावर तर "सर्वांना प्रवेश आहे" अशी पाटीसुद्धा होती, तेलकट, पण होती. आम्ही आत गेलो की मालक हसून "या" म्हणायचा आणि बाहेर बोट दाखवायचा. बाहेर भिंतीत कोनाडा होता, कोनाड्यात कान तुटलेला कप होता. चहा पिऊन तो कप आपणच धुवायचा, पालथा घालायचा आणि जायचं. मी पाच टनांची गाडी चालवत होतो. माझा हॉर्न वाजला की त्याच मालकाची पोरं धावत बाहेर यायची, गाडीत बसू द्या म्हणून हट्ट करायची. पण कप कोनाड्यातला. तिसऱ्यांदा तो कप हातात घेतला तेव्हा मला तो त्याच्या पाटीवर फेकून मारावासा वाटला. मामांनी माझ्या हातातून काढून घेतला, धुतला, पालथा घातला आणि म्हणाले, "उद्यापासनं आपली भाकरी आपुन."

दुसऱ्या दिवशी सीटखालच्या पेटीत आमचं स्वयंपाकघर आलं. तवा, एक डेगची, लाकडी काठवट, ज्वारीच्या पिठाचा डबा, बेसनाची पुरचुंडी, मीठ-मिरचीचा गोळा, कागदात बांधलेलं सुकट. कांदे तर आम्ही पोत्यांनीच वाहायचो. दगड वाटेवर मिळायचे, काटक्या बाभळीखाली. मामा काठवटीवर भाकरी थापायला लागले की शेजारून जाणारा माणूस वळून बघायचा. पिठलं ते असं करायचे की डेगची घासताना मला वाईट वाटायचं. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून इंजिनाच्या झाकणावर ठेवायच्या, दोन तासांनीही गरम राहत. जेवणाआधी मामा डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि त्यांची प्रार्थना लांबायची. सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन झाली की मालकाचं, मग टायरांचं. पिठलं निवून जायचं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "देवाला घाई न्हाई, तुलाच कुटली?"

पीठ होतं, जळण होतं, हात होते. नव्हतं ते पाणी.

दौंडच्या मालधक्क्यावर नळ होता आणि तिथं कुणी कुणाला विचारत नसे. रेल्वेचं गाव, माणसं कुठकुठली. तिथून आम्ही पत्र्याचा डबा भरून घ्यायचो. पण खड्ड्यांत हिंदकळून अर्धा सांडायचा आणि उरलेला इंजिन प्यायचं. उन्हाळ्यात चढाला लागलं की रेडिएटरमधून वाफ यायची. गाडीची तहान आधी, आमची मागून. म्हणजे निम्म्या वाटेवर पाणी मागणं आलंच.

निम्म्या वाटेवर रस्त्याला लागून एक विहीर होती. न्हावऱ्याच्या अलीकडं की पलीकडं ते सांगत नाही. विहिरीचे मालक चांगले बागायतदार, साठीकडं झुकलेले, सगळे त्यांना आबा म्हणायचे. पहिल्यांदा मामा डबा घेऊन गेले तेव्हा मी मागंच उभा होतो.

"आबा, पानी द्याल का? सैपाकाला."

"द्यायचं की. कुटलं तुमी?"

"शिरूरचं."

"शिरूरात कुटं?"

"मिशनजवळ."

एवढं पुरे झालं. आबांचा चेहरा जराही वाकडा झाला नाही. पोहऱ्याचा दोर त्यांनी हलकेच कठड्याला गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "तुमचं पानी तिकडं हाय बाबा, वढ्याला." ओढ्यात वाळू उकरून केलेला खड्डा होता. अर्धा कोस चालून गेलो. म्हशींनी तो आमच्या आधी बघितला होता. ते पाणी फडक्यातून तीनदा गाळलं, तरी पिठल्याला वास आलाच. मामांनी नेहमीसारखी लांबलचक प्रार्थना केली. मला एक शब्दही म्हणावासा वाटला नाही. आजोबांनी देव बदलला होता, पण आमची जात तशीच आमच्या मागं डबा धरून उभी होती.

पुढच्या खेपेला मामा विहिरीपाशी गेले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आबा, गाडीला पानी पायजे. इंजान तापलंय."

"आरं मग घ्या की!" आबा उठलेच. स्वतः पोहरा ओढला, आमच्या डब्यात वरून ओतला, आणखी एक ओतला. आमचं मूळ गाव नाही विचारलं, वस्ती नाही विचारली. लोखंड कुठल्या आळीतलं आहे याची कुणाला पडली होती? मामा डबा घेऊन माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चांगला डोळा मिस्कील चमकत होता. त्या दिवशीचं पिठलं उत्तम झालं होतं आणि माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही त्या विहिरीचं पाणी इंजिनाच्या नावावर मागितलं. मामा मागायचे, मी गाडीपाशी थांबायचो. आबा मोठे सज्जन माणूस, आणि चीड येते ती त्याचीच. कुणी शिवी घातली असती तर उलट घालून मोकळा झालो असतो. हे टायरांची चौकशी करायचे. बॉनेटवर हात फिरवायचे, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा. "लई राबतीया बिचारी," म्हणायचे. बिचारी गाडी! तिला चालवणारे दोन जिवंत देह समोर उभे होते, ओठ सुकलेले, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

एकदा तर कहर झाला. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता, दौंडहून निघताना मीच भरला होता. आबांनी डबा भरून दिला आणि "बगू तरी कशी पिती" म्हणून कौतुकानं मागोमाग आले. आता काय करायचं? मामांनी झाकण उघडलं आणि ते गार, नितळ पाणी ओतायला सुरुवात केली. पहिल्या धारेलाच ते बाहेर वाहू लागलं. मामा ओतत राहिले, पाणी बंपरवरून धुळीत पडत राहिलं, आणि आम्ही दोघं सकाळपासून उपाशी. डबा रिकामा झाल्यावर मामा गंभीर तोंडानं म्हणाले, "अजून एक लागंल, आबा." आबांनी आणखी एक दिला. "लई पिती हो तुमची गाडी," असं म्हणत ते समाधानानं परत गेले. मामा त्यावर पोट धरून हसले. मी बाभळीला लाथ मारली आणि चपलेतून काटा पायात घुसवून घेतला.

मग तिसऱ्या वर्षी आबांचा कांदा आमच्याच गाडीत भरला गेला. दौंडला वॅगन लागली होती आणि माल स्वतः चढवून घ्यायचा म्हणून आबा बरोबर निघाले. केबिनमध्ये माझ्याशेजारी बसले. मामा वर पोत्यांवर. गाडी हेलकावली की आबांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, त्याचं त्यांना काही नव्हतं. गाडीत विटाळ नसतो, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

खुटबावच्या बाजूला ओसाड माळावर मागच्या चाकावरच्या कमानीचा पाटा तुटला. भरल्या गाडीचा पाटा तुटला की संपलं. समोरून आलेल्या गाडीबरोबर मालकाला निरोप धाडला आणि वाट बघत बसलो. दुपार झाली. आसपास घर नाही, झाड एकच. मामांनी दगड मांडले. आबा झाडाच्या पलीकडल्या अंगाला पाठ करून बसले होते. सकाळी घाईत निघालेले, बरोबर काहीच घेतलेलं नव्हतं. बेसनाला फोडणी बसली तशी त्यांची पाठ जरा अवघडली. पहिली भाकरी फुगली आणि ते उठून गाडीला एक फेरी मारून आले.

मामा म्हणाले, "आबा, वंगाळ वाटून घेऊ नका. खाता का दोन घास?"

आबांनी रस्त्याकडं बघितलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दोन्हीकडं नुसती धूळ. मग ते येऊन दगडावर बसले, हातावर भाकरी घेतली, तिच्यावर पिठलं घेतलं, आणि जेवले. भाकऱ्या चारच झाल्या होत्या, पीठ संपत आलं होतं. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी मामांच्या वाटणीची होती, ती मामांनी आग्रह करून वाढली. चौथी मामांनी आणि मी अर्धी-अर्धी घेतली. डब्यातलं पाणी आबा घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि मनापासून म्हणाले, "माझ्या घरात असलं पिठलं हुत न्हाई. आन् पानी बी ग्वाड हाय. कुटलं?"

मी म्हणालो, "तुमच्याच हिरीचं. सकाळी गाडीला म्हणून दिलं होतंत ते."

मामा मला डोळ्यानं दटावत होते. आबांना कळलं. आजचंच नाही, तीन वर्षांचं सगळं कळलं. मग ते मामांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "हे गावात बोलू नका बरं का. भावकी वाईट हाय. माज्या दोन लेकी लग्नाच्या हायेत."

"आमच्या धर्मात शपथ घेत न्हाईत, आबा," मामा म्हणाले, "पन शब्द देतो. माझ्या तोंडातनं कवाच जायचं न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी तवा राखेनं घासत होतो. माझं गप्प राहणं त्यांनी हो म्हणूनच धरलं असणार.

खरं सांगतो, मला त्या दिवशी राग आला नव्हता. मला वाटलं, झालं. माणूस आपल्या हातचं जेवला, पाणी कुणाच्या पोटात जातं ते त्याला कळलं, आता पुढच्या खेपेला हा काही इंजिनाचं नाटक करायला लावणार नाही. गावाला सांगू नको म्हणतो तर नाही सांगत, पण निदान डबा बघून मुकाट पोहरा तरी ओतील. इतका मी भोळा होतो. लग्न होऊन दोन पोरांचा बाप झालो होतो तरी!

पुढच्या आठवड्यात त्या विहिरीपाशी गाडी थांबली तेव्हा मामांना मी म्हणालो, "आज मी जातो पाण्याला." मामा दगड गोळा करत होते, त्यांनी काठवटीत पीठही काढून ठेवलं होतं. विहिरीवर आबा होते, त्यांचे दोन भाऊबंद होते, पाण्याला आलेल्या तीन-चार बायका होत्या. मी डबा खाली ठेवला.

"आबा, पाणी द्या."

आबांनी पोहरा वर ओढलेलाच होता. माझ्या डोक्यावरून पलीकडं गाडीकडं बघत ते म्हणाले, "गाडीला का?"

आवाज नेहमीचाच, प्रेमळ. जणू खुटबावच्या माळावर बसून जेवला तो कुणी दुसराच. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"नाही," मी म्हणालो. "गाडीत पाणी हाय. मला पाहिजे. प्यायला आणि सैपाकाला."

बायकांनी घागरी मागं ओढल्या. एका भाऊबंदानं विचारलं, "कोन रं हा?" आबांनी भरलेला पोहरा तसाच परत विहिरीत सोडला. खाली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. "वढ्याला जा, बाबा," ते म्हणाले.

"जातो," मी म्हणालो. "पण आबा, मागल्या आठवड्यात खुटबावच्या माळावर..."

आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं. तीन वर्षांत त्या विहिरीवर पहिल्यांदा ते माझ्याकडं बघत होते, गाडीकडं नाही. वाक्य माझ्या जिभेवर पुरं तयार होतं. एवढं बोललो असतो तर त्या माणसाची भावकीत पार शोभा झाली असती. मला ती व्हायला हवी होती.

तेवढ्यात मागून मामा धापा टाकत आले. त्यांनी माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. "गाडीलाच पायजे, आबा," ते हसत म्हणाले. "पोरगं उन्हानं येडं झालंय. खुटबावच्या माळावर गाडी मोडली तवापसनं इंजान लई तापतंय, त्येच सांगतंय." आबांनी पोहरा पुन्हा सोडला, भरला, ओढला, आमच्या डब्यात ओतला. अर्धं पाणी बाहेर सांडलं.

गाडीपाशी आल्यावर मी मामांच्या हातातून डबा हिसकावून घेतला आणि सगळंच्या सगळं रेडिएटरवर उपडं केलं. गाडीला मागितलं ना, मग घे गाडीला! काठवटीतलं कोरडं पीठ मामांनी मूठ मूठ करून परत डब्यात भरलं आणि काठवट झटकली. आम्ही उपाशी निघालो.

दोन-तीन मैल गेल्यावर मामा म्हणाले, "त्येला उघडा पाडनार हुतास."

"त्यानं आपल्याला रोज पाडलं, त्याचं काय?"

"त्यानं पाडलं म्हून आपुन पाडायचं व्हय? माज्या हातचं जेवलाय तो मानूस."

"भूक लागली म्हणून जेवला, मामा! तुमच्यासाठी नाही जेवला."

"भूक लागली म्हूनच समदे जेवत्यात," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या क्षणी आबांपेक्षा मामांचाच राग आला. असा माणूस असतो का? दुसऱ्याची अब्रू सांभाळायला धावतो, आणि स्वतःची धुळीत पडलेली त्याला दिसत नाही. दौंड येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

त्या विहिरीवर आम्ही परत कधी थांबलो नाही. मी धक्क्यावरून रॉकेलचं एक रिकामं पिंप मिळवलं, सोड्यानं धुतलं, गाडीच्या मागच्या हौद्यात दोरानं बांधलं आणि दौंडच्या नळाचं पाणी भरून नेऊ लागलो. त्या पाण्याला महिनाभर रॉकेलचा वास होता. मामा एकदाही कुरकुरले नाहीत. आबा वाटेत दिसले तर मामा हात वर करायचे. मी हॉर्न वाजवून धूळ उडवत जायचो.

पुढं मामांचा दुसरा डोळाही अधू झाला आणि ते घरी बसले. आमच्या वस्तीत त्यांच्या स्वयंपाकाची चेष्टा शेवटपर्यंत चालली. कोणी जेवायला आलं की मामी हमखास म्हणायच्या, "ह्यांच्या हातची भाकर भाच्याबिगर कोन खानार? दुसरं कुनी हात तरी लावंल का?" सगळे हसायचे. मामाही हसायचे आणि अंदाजानं माझ्या दिशेनं तोंड करायचे. उत्तर त्यांच्याजवळ होतं. एक वाक्य बोलले असते तर मामींसकट सगळी वस्ती तोंडात बोट घालून बसली असती. मामा बोलले नाहीत. आबा जाऊन किती वर्षं झाली होती, लेकी कधीच्या सासरी नांदत होत्या, तरी नाही. मामांच्या मातीला गेलो तेव्हा मामी रडता रडता तेच बोलल्या, "एवडं रांधलं जन्मभर, कुना परक्यानं एक घास खाल्ला न्हाई." मी तिथंच उभा होतो. शब्द मामांनी दिला होता, मी दिला नव्हता. मामींना सांगायला मला कुणाची आडकाठी होती? पण मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि आता मामीही नाहीत.